पाठकोऱ्या वह्या

कोल्हापूर
३ डिसेंबर २०२५

सबिना,

स्पीड पोस्टाचा लिफाफा बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझा नंबर मी साडेतीन वर्षांपूर्वी ब्लॉक केला आणि आता तो मोकळा करायला कमीपणा वाटतो, म्हणून पत्र. पुण्यातला तुझा पत्ता तेजस्वीने शोधून दिला. तेजस्वी म्हणजे तुझ्या जागी घेतलेली बाई. हुशार आहे, वेळेवर येते, आणि वर्ग सोडून मुलांबरोबर ओढ्याला खेकडे बघायला जात नाही.

कामाचं लिहिते. आपल्या शाळेची मान्यता मार्चअखेर संपते. यंदा नुसते इमारतीचे आणि संडासाचे कागद दाखवून ती वाढवून मिळत नाही. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात कुठल्या इयत्तेच्या शेवटी मुलाला काय काय यायला हवं याची यादी आहे, आणि आपल्यासारख्या स्वतःच्या पद्धतीने शिकवणाऱ्या खासगी शाळांनी आपली मुलं त्या यादीपर्यंत पोचतात हे पुराव्यानिशी दाखवायचं आहे. नाही दाखवलं तर जूनमध्ये दाराला कुलूप. हे मी तुला काय सांगतेय म्हणा. यादी करणाऱ्यांतच तू बसतेस.

बाकीच्या शाळा पेपरांचे गठ्ठे पुढे ठेवतात. आपल्याकडे पेपर नाहीत. गाव अजून आपल्याला 'बिनपरीक्षेची शाळा' म्हणतं. आपल्याकडे फक्त नोंदी आहेत, कुठल्या मुलाला कुठल्या दिवशी काय उमगलं आणि तो कुठे अडला याच्या. म्हणून तुझ्याकडून एका कागदावर एवढंच हवंय: '२०१४ ते २०२२ या काळात कवडसा शाळेतील मुलांच्या नोंदी मुख्याध्यापिका अनुजा यांच्या मार्गदर्शनाखाली ठेवण्यात आल्या.' खाली सही. तुझं हल्लीचं पद लिहिलंस तरी चालेल, तपासणीच्या कमिटीला बरं वाटेल.

बाकी इथे उत्तम चाललं आहे. चौसष्ट मुलं आहेत. तू होतीस तेव्हा एकसष्ट होती.

ऑक्टोबरात नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणाला गेले होते. शिक्षकांसाठीची हस्तपुस्तिका वाटली. त्यात एका पानावर चौकट आहे: गुऱ्हाळात नेऊन गुळाच्या ढेपेवरून अपूर्णांक कसे शिकवावेत. चित्रसुद्धा आहे, ढेपेचं आणि दोन वेण्यांच्या मुलीचं. शिकवणारा गृहस्थ म्हणाला, हा नमुना आपल्या कोल्हापूरच्याच सबिना मॅडमनी दिलाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ढेपेचा तास कुणाचा होता हे तुला आठवत असेल. नसेल तर राहू दे, मी काही मागायला आलेले नाही.

सही तेवढी लवकर पाठव.

अनुजा

•

११ डिसेंबर

सबिना,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एका ओळीची चिठ्ठी: 'मूळ वह्या कमिटीला दाखवल्यास का?' ना बरी आहेस का, ना घरचे कसे आहेत. तुझी खोड गेलेली नाही. मुलांनाही असाच एक प्रश्न विचारून गप्प बसायचीस आणि पोरं तासभर बोलत राहायची. मी काही चौथीतली पोर नाही.

तरी सांगते, कारण उगाच दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळायला नको.

कमिटी सव्वीस नोव्हेंबरला येऊन गेली. तिघे होते. प्रमुख गणपतराव, पन्नाशीचे, पानाचा तोबरा, बोलायला सरळ. बाकीचे दोघे त्यांच्याकडे बघून मान हलवणारे. मी त्यांच्यापुढे एकोणतीस कोऱ्या करकरीत लाँगबुक ठेवल्या. निळी कव्हरं, प्रत्येकीवर इयत्ता आणि साल, आत वळणदार अक्षर, आणि शेजारच्या रकान्यात राष्ट्रीय यादीतला कुठला मुद्दा त्या नोंदीने पूर्ण होतो त्याचा आकडा. इतकं नीटनेटकं काम आपल्या शाळेत कधी झालं नव्हतं.

गणपतरावांनी सतरा सालची एक नोंद आणि एकवीस सालची एक नोंद उघडून शेजारी ठेवली. मग चष्मा वर केला.

"मॅडम, चार वर्सं एकच पेन पुरलं व्हय?"

मी म्हटलं, या उतरवून घेतलेल्या आहेत.

"मग मूळच्या दावा की. आमाला कच्चंच बरं असतंय."

मूळच्या म्हणजे तुझ्या वह्या. तूच सांग, त्या कमिटीपुढे ठेवण्यासारख्या होत्या का? तुझ्या वडलांच्या, चाचांच्या बाइंडिंगच्या दुकानात प्रेसवाल्यांचे वाया गेलेले कागद यायचे, एका बाजूने छापलेले. ते उलटे करून, शिवून आपण वह्या करायचो. एका बाजूला मुलीला भागाकार कसा उमगला ते, आणि पान उलटलं की कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, नाहीतर दूध संस्थेच्या निवडणुकीतला हात जोडलेला उमेदवार. राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा पुरावा म्हणून हे द्यायचं? म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तेजस्वीला बसवून सगळ्या नव्याने लिहून घेतल्या.

तर गणपतरावांनी मूळच्या मागितल्यावर मी सांगितलं, एकवीसच्या पुरात भिजून गेल्या. त्यात एवढं काय? कोल्हापुरात न सापडणारा प्रत्येक कागद पुरातच गेलेला असतो. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, एकोणीस डिसेंबरला ऑफिसात या, तेव्हा बघू.

तेव्हा तुझ्या कागदावर एक ओळ वाढव: 'मूळ वह्या २०२१ च्या पुरात नष्ट झाल्या.' चौसष्ट मुलांचा प्रश्न आहे, सबिना. माझा नाही.

आणि खऱ्या वह्या कुठे आहेत ते विचारू नकोस. सापडत नाहीत.

अनुजा

•

१६ डिसेंबर

सबिना,

कागद पाठवला नाहीस. त्याऐवजी वडलांना पाठवलंस.

काल दुपारच्या सुट्टीत कुतुबुद्दीनचाचा आले. दारातच चपला काढल्या, मुलांचा भात शिजवणाऱ्या झुंबरबाईने पातेल्यामागून त्यांना बघून हात उंचावला, आणि ते माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिले. मी विचारलं, चाचा, काय काम काढलंत?

"सबिनाचा फोन आलता. म्हनली, अनुजाकडं जाऊन या, पर काय इचारू नगा. म्हनून आलोय. काय इचारत न्हाय."

आणि खरंच काही विचारलं नाही. माझ्या टेबलावर त्या निळ्या लाँगबुक होत्या. त्यांनी एक उचलली, वाचली नाही, पाठीवरून नुसतं बोट फिरवलं.

"पिना मारल्यात. दोन वर्सांत पानं सुटत्यात बग. शिवायला पायजे."

जाताना गाडीच्या मागच्या पिशवीतून त्यांनी सुतळीने बांधलेला गठ्ठा काढून दिला. पाठकोऱ्या वह्या. तू गेल्यापासून दरवर्षी जूनमध्ये त्यांनी आपल्यासाठी त्या शिवून ठेवल्या होत्या आणि मी एकदाही न्यायला गेले नव्हते. "तुमी बिझी असतायसा," म्हणाले. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता.

मला तुझा राग आला. खरं सांगते, त्या म्हाताऱ्याचा नाही, तुझा. माझ्या वडलांनी माझ्या शाळेसाठी एक कागद कधी दुमडला नाही. 'पगार न देणारी कसली शाळा' म्हणून गावभर सांगत फिरले. आणि तुझा बाप, मुलगी शाळा सोडून गेली तरी त्या शाळेच्या वह्या शिवत बसतो. काही जणींच्या वाट्याला सगळंच चांगलं कसं येतं गं?

आता एक कबूल करते. वह्या उतरवून घेतल्या त्या जुनाट कागदामुळे नाही. तुझं अक्षर मला बघवत नव्हतं. गेल्या वर्षी ढेपेच्या तासाची तयारी करायला मी एक वही उघडली, तुझं ते डावीकडे कललेलं, पाय ओढत चालल्यासारखं अक्षर दिसलं आणि मी ती मिटून टाकली. आठ वर्षं मी शिकवायचे आणि तू मागच्या भिंतीला टेकून लिहायचीस. मी कितीदा चोरून पाहिलंय तुझ्याकडे! मी एखादं गणित चुकले की तुझं पेन हलायचं. पोरं हसली की हलायचं. मला खात्री होती की तू माझ्या चुका टिपतेस. वाचायला मागायची माझी छाती झाली नाही.

म्हणून तेजस्वीला सांगितलं होतं, उतरवताना शिक्षकांची नावं गाळ. कमिटीला मुलांशी मतलब, शिक्षकांशी नाही. माझ्या मनात होतं की तुझं नाव कुठे राहू नये. तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, "मॅडम, नावं काढली की वाक्यं तुटायल्यात. काय करू?" मी म्हटलं, तुटू देत. ती आणखी काही सांगायला लागली तर मी म्हटलं, मला ऐकायचं नाही.

एकोणीस तारखेला ऑफिसात जायचं आहे. तुझा कागद अठरापर्यंत आला तर बघ.

अनुजा

•

२० डिसेंबर

सबिना,

कागद आला नाही. बरं झालं आला नाही. आला असता तर माझ्याबरोबर तूही तोंडघशी पडली असतीस.

काल ऑफिसात गणपतरावांनी मला चहा मागवला. ते चहा मागवतात म्हणजे काम झालं, असं मला वाटलं. मग त्यांनी तेजस्वीने उतरवलेली एक नोंद मोठ्याने वाचली: "'आज गुऱ्हाळात गेलो. अर्धी ढेप मुलींच्या हातात दिली आणि विचारलं, आख्खी कुठं गेली. सुचलं नसतं.' कुनी दिली? कुनाला सुचलं नसतं? मॅडम, ह्या नोंदी भुतानं लिवल्यात का काय?"

शेजारचा एक जण हसला. मी म्हटलं, मूळ प्रत भिजलेली होती, शब्द नीट लागले नाहीत.

गणपतरावांनी वही मिटली. मग म्हणाले, "एकवीसच्या पुरात माजी ड्युटी तुमच्याच गावात हुती. पंचनाम्याला. खालच्या तीन गल्ल्या पान्यात हुत्या, आनि ती सगळी मानसं तुमच्या शाळेत हुती की ओ. शाळा टेकावर हाय. पानी तुमच्या पायरीलाबी लागलं न्हवतं. मी सवता तितं आमटीभात खाल्लाय. एक सबिना मॅडम हुत्या, त्यांनी वाढलाय."

सबिना, मी विसरले होते! अगदी साफ विसरले होते. नऊ दिवस दीडशे माणसं आपल्या वर्गांत झोपली, तू आणि झुंबरबाई पातेल्यांशी उभ्या, मी कलेक्टर ऑफिसला फोन करकरून घसा बसवून घेतलेला, आणि त्याच शाळेत वह्या पुरात भिजल्या म्हणून मी सरकारी माणसाला सांगून आले. या जिल्ह्यात पुराची थाप मारू नये अशी एकच शाळा असेल तर ती आपली. मी तिथेच मारली.

त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "ह्या कागदावर मान्यतेची शिफारस करता येत न्हाय. नऊ जानेवारीला शेवटची बैठक. काय खरं आसंल ते घिऊन या. न्हायतर मी तसं लिवून मोकळा हुतो."

परत येताना मला कुणाचा राग यावा? त्यांचाच आला. त्या यादीचाही आला. आठ वर्षं आपण मुलांना गुऱ्हाळात, विहिरीवर, बाजारात नेलं तेव्हा लोक आपल्याला येड्या म्हणायचे. आता राष्ट्रीय अभ्यासक्रमच सांगतो की मुलांना अनुभवातून शिकवा, पाठांतर नको. म्हणजे आपण म्हणत होतो तेच. आणि तोच अभ्यासक्रम मला विचारतो, तुमच्याकडे पुरावा काय? आपलंच म्हणणं आपल्याला परत विकत घ्यायला लावल्यासारखं वाटतं मला. पण खरं तेही नाही. पुरावा होता. तो मीच लपवला.

शाळेत आले तर झुंबरबाई भांडी आवरून दारात बसली होती. पासष्टीची झाली आता, पण जिभेला वय नाही. म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

"काय न्हाय कसं? त्वांड बघ की आरशात. वह्या दिल्यास का न्हाय?"

"कुठल्या वह्या?"

"तुज्या घरात कोठीमागं ट्रंक हाय त्यातल्या. ज्वारी काडायला येतीया म्या, आंदळी न्हाय." आणि मग, पदराने हात पुसत, "अगं, जळतीयास तू त्या पोरीवर. पयल्यापासनं. येवडी शिकली-सवरलेली बाई, आनि येका नावापायी चौसट पोरं रस्त्यावर काडतीस व्हय?"

मी तिला गप्प बस म्हटलं. ती गप्प बसली नाही. "त्या दिशी काय बोललीस तिला, सगळ्या आया-बायांम्होरं! म्या तुज्या जागी असते तर जीब चावली असती."

त्या दिवशी मी काय बोलले ते तू विसरली नसशील. पण मी आजवर कुणाजवळ उच्चारलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. पुण्याहून तुला अभ्यासक्रमाच्या कामाला बोलावणं आलं होतं. त्याआधी ती मंडळी शाळा बघायला आली तेव्हा त्यांना दिवसभर फिरवलं मी, बोलले मी, आणि निवडलं तुला. पालकसभेत तू हे सांगितलंस, बायका तुझ्याभोवती जमल्या, कुणी रडायला लागली, आणि मी मागून म्हटलं, "रडायचं काय त्यात? जागा आमची आहे, शाळा आमची आहे. ती इथे नोकरीला होती." आठ वर्षं तुझा पगार आपण दोघी मिळून ठरवायचो, बहुतेक महिने तो शून्य असायचा. तू खडूचा डबा टेबलावर ठेवलास आणि गेलीस.

निरोपाचं जेवणही मी दिलं नाही.

तुझा नंबर आज मोकळा केला. फोन मात्र करत नाही. फोनवर मी भांडेन, माझा मला भरवसा नाही.

अनुजा

•

२४ डिसेंबर

सबिना गं,

ट्रंक उघडली. रविवारी सकाळी आंघोळ केली, चहाही न घेता कोठी सरकवली आणि फरशीवर बसून वाचत सुटले. अमरसिंह दोनदा डोकावले, "जेवायचं काय करूया?" म्हणाले, आणि शेवटी स्वतःच पिठलं टाकलं. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

तुझ्या वह्यांत चुका टिपलेल्या नाहीत असं नाही. '३ जुलै २०१९. अनुजा आज ओरडली. सगळी मुलं गप्प. दहा मिनिटांनी ती म्हणाली, मी उगाच ओरडले, मला घरचा राग होता. त्यानंतर मुलांनी आपापल्या घरच्या रागांबद्दल लिहिलं. दुसरीतल्या मुलींनी पहिल्यांदा पूर्ण वाक्यं लिहिली.' मला तो ओरडा आठवतो. त्या वाक्यांचं मात्र मला काही माहीतच नव्हतं.

आणि ढेपेची नोंद. तेजस्वीने उतरवलेली मी ऑफिसात ऐकली होती. मूळची अशी आहे: 'आज गुऱ्हाळात गेलो. अनुजाने अर्धी ढेप मुलींच्या हातात दिली आणि विचारलं, आख्खी कुठं गेली? मला हे सुचलं नसतं.'

पानापानावर मी आहे. अनुजाने असं विचारलं, अनुजाने तसं थांबून पाहिलं, अनुजा चुकली पण मुलांनी तिला दुरुस्त केलं आणि तिने करू दिलं. तुझं नाव शोधून शोधून दमले, कुठे नाही. नावं गाळ म्हणून मी सांगितलं ते तुला पुसायला, आणि त्या बिचाऱ्या तेजस्वीने अठरा दिवस बसून मला पुसलं. हेच ती सांगायला आली होती आणि मी ऐकून घेतलं नव्हतं.

तुला वाटेल की हे वाचून मला आनंद झाला. नाही झाला. रडले थोडी, पण आनंदाने नाही. जळले मी. आठ वर्षं रोज मागे बसून दुसऱ्याचं चांगलं लिहायचं आणि त्याला एका अक्षराने सांगायचं नाही, हे मला जन्मात जमलं नसतं. शिकवण्यात मी तुझ्या बरोबरीने होते हे मला आता तुझ्याच अक्षरात कळलं, आणि माणूस म्हणून तू पुढे होतीस हेही त्याच अक्षरात. एकदा तरी मागे वळून 'अनुजा, तास बरा झाला' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? मी तेव्हाही जळले असते म्हणा.

सोमवारी तुझी दुसरी चिठ्ठी आली. 'ढेपेच्या चौकटीखाली मी तुझं नाव लिहून दिलं होतं. छापताना त्यांनी सगळ्यांचीच नावं काढली.' मी ती दोनदा वाचली. भांडायला काही जागाच ठेवत नाहीस तू.

काल वह्या रिक्षात घालून गणपतरावांच्या ऑफिसात नेल्या. त्यांना म्हटलं, पुराचं खोटं होतं, वह्या माझ्या घरात होत्या, मी लपवल्या. त्यांनी 'का' विचारलं नाही. आधी पानं उलटी करून मागची बाजू बघितली. लग्नाच्या पत्रिकांवर तारखा, निवडणुकीच्या पत्रकांवर सालं, कॅलेंडरची वाया गेलेली पानं. मग सरळ बाजू वाचायला लागले. मध्येच त्यांनी आपली ती राष्ट्रीय यादी काढून शेजारी ठेवली आणि पेन्सिलीने एकेक मुद्द्यावर बरोबरच्या खुणा करत गेले. अर्धा तास मी समोर बसून होते. तिसरीचे दोन मुद्दे सोडून बाकी सगळ्यावर खूण झाली.

"वह्या खऱ्या हाईत," म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. "पर ह्या खऱ्या हाईत असं मी तुमच्या शब्दावर लिवू शकत न्हाय, मॅडम. तुमी मला येकदा पुरात बुडीवलंय. ज्यांनी लिवल्यात त्यांना आना. कमिटीम्होरं येक पान लिवून दावूद्या, आनि कुटल्या नोंदीतनं काय शिकलं ते त्यांनी सांगूद्या. मग बघू."

म्हणजे शुक्रवार, नऊ जानेवारी, सकाळी अकरा.

मागते आहे ते लहान नाही, मला कळतं. ज्या अभ्यासक्रमाचं काम तू करतेस, त्याच्याच तपासणीत खोटं बोललेल्या बाईच्या बाजूला येऊन बसायचं. तुझ्या पुण्यातल्या लोकांना कळेल. कुणीतरी म्हणेल, आपल्या जुन्या शाळेसाठी वजन वापरायला गेली. नको वाटलं तर नाही म्हण. मी पालकांना खरं काय ते सांगेन आणि एकेका मुलासाठी दुसरी शाळा बघेन, त्यातून माझी सुटका नाही.

पण आलीस तर कमिटीसमोर आधी मी बोलणार आहे. वह्या कुणी लिहिल्या, कुणी लपवल्या आणि कशासाठी, तिन्ही सांगणार आहे. पालकांनाही बोलावलं आहे, कारण ते 'नोकरीला होती' मी त्यांच्यासमोर बोलले होते. शब्द तयार ठेवलेले नाहीत. जे तोंडातून निघेल ते.

आणि हेही आधीच सांगून ठेवते. मी बदललेली नाही. तू दारातून आत येशील तेव्हा सगळ्या खोलीचं तोंड तुझ्याकडे वळेल, गणपतराव तुलाच विचारतील, तू तुझ्या त्या हळू आवाजात एकेक उत्तर देशील आणि ती सगळी बरोबर असतील. मी शेजारच्या खुर्चीवर बसून जळत असेन. मला माहीत आहे. जळू दे मला.

तू ये.

अनुजा